नकाराचं कारण

बाबा, आज तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. तुम्ही अकोटच्या बँकेत कर्जाच्या टेबलावर बसायचा आणि सुट्टीत मी शेजारच्या स्टुलावर. एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसली. मला हसू फुटलं. तुम्ही त्यांच्यासमोरच म्हणालात, "हासून काहून राहिली? त्यायले लिवता येत नाही, पन वावरातलं तुह्यापेक्षा जास्त समजते. माफी माग." मी मागितली. कान अजून तापतात.

आता मी अकोल्यात एका पतसंस्थेत तेच काम करते. गेल्या वर्षापासून मात्र अर्ज आधी संगणकातला एआय सहायक वाचतो. खात्याचे उतारे पाहून कर्ज द्यावं की नाही, याचं टिपण दोन मिनिटांत लिहून देतो. मला तेवढ्याच कामाला दोन दिवस लागायचे. तो आला त्या दिवशी शेजारच्या टेबलावरची, जन्मभर टायपिंग केलेली मैत्रीण डबा न उघडताच घरी गेली.

मार्चमध्ये शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एक बाई आल्या. दुसऱ्या मशीनसाठी त्यांनी केलेला अर्ज नाकारला गेला होता. त्या टेबलासमोर उभ्या राहतात, आवाज न चढवता विचारतात, "नाही म्हनता त नाही म्हना मॅडम, पन कावून ते त सांगा." मी पडद्याकडे बघते. "उद्या घरी येऊन बघते," म्हणते.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. खोलीभर कापड, वहीत चार शाळांच्या पोरांची मापं. "शाळा उघडाच्या आंदी पैसा येते," त्या म्हणाल्या, "मंग वर्सभर त्याच्यावरच." उताऱ्यांवरून सहायकाला नुसतं 'उत्पन्न अनियमित' एवढंच दिसलं होतं. मैत्रिणीनं सगळं लिहून घेतलं. ते सहायकाला दिल्यावर त्यानं टिपण बदललं, हप्तेही हंगामाप्रमाणे मांडले. पतसंस्थेच्या कर्ज समितीनं कर्ज मंजूर केलं. आता त्यांच्याकडे दोन मशीन चालतात.

सहायक आल्यापासून आमच्याकडच्या दोन रिकाम्या जागा भरल्या नाहीत, हेही खरं. पण मैत्रीण टिकली. तिचं टायपिंग सुटलं. ती आता लोकांच्या घरी जाते, बोलते, आणि परत येऊन सहायकाला चक्क वऱ्हाडीत विचारते, "हे कशावरून म्हनून राह्यला तू?" त्याला ते समजतं. इतकी खुलून काम करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, यंत्राला जे दिसलं नाही ते मॅडमनी पाहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. बाबा, त्या नकारावर सही माझीच होती, आणि टिपण मी वाचलंच नव्हतं. हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही. हे पत्र कुठं पोचणार नाही, म्हणूनच लिहवलं. आता प्रत्येक टिपण शेवटपर्यंत वाचते.