चौरस्त्यावर ठेवलेले फोटो

सोमवार, ३ मार्च २०२५

नवं काम लागलं आणि पहिलाच दिवस मजेत गेला. सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानावर अरुंद जिना चढून गेलं की इंदुताईंचं ऑफिस. खालून भाव करणाऱ्या बायकांचा गलबला येतो, वर एसीची घरघर. बसल्याबसल्या ताईंनी चहा मागवला, वर उस्मानिया बिस्किटं. जिथं कामाआधी खायला मिळतं तिथलं काम लाभतं, हा माझा अनुभव.

ताई 'दुखणंखुपणं' नावाचा मराठी फोरम चालवतात. तळपायाची भेग, लेकराचा खोकला, म्हाताऱ्याचा वात, काय वाटेल ते विचारा. नांदेडपासून निजामाबादपर्यंतच्या आयाबाया उपाय सांगायला टपलेल्याच. सभासद लाखांनी आहेत. पण दुपार झाली की साइट गाळात बसलेल्या म्हशीसारखी हलत नाही. एक पान उघडेपर्यंत वरणाला फोडणी देऊन होते. रीस्टार्ट केलं की तासभर पळते, की पुन्हा बसकण. आधी उदय नावाचा मुलगा हे सांभाळायचा, तो अर्ध्यातच गावी निघून गेला.

मशीन मागच्या खोलीतच आहे. मी आधी डोळे मिटून पंखा ऐकला. कोठीच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करत वाढलो. रेडिओचे टीव्ही झाले, टीव्हीचे काँप्युटर, पण सवय तीच. पंखा धापा टाकत होता. मेमरी भरलीय, कशानं ते शोधायचं. तक्रारी बघणारी रेणुका दारातून म्हणाली, काका, कान लावून काय ऐकताय, आतून सासू बोलते का? म्हटलं, सासू असती तर बंद कशाला पडली असती. ताई पदर तोंडाला लावून हसल्या.

जाताना त्यांनी एकच अट घातली. फोरमवर 'चौरस्ता' म्हणून विभाग आहे, त्यातलं काही उघडायचं नाही. बाकी सगळं आपलंच घर समजा, नागोराव. मी हौ म्हणालो.

तारनाक्याला घरी आलो तर प्रणितानं पिठलं केलेलं. बायको, भामा, गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, बाप आणि लेक. पोरगी हुशार आहे, तेलुगू आणि इंग्रजी फाडफाड, मराठी मात्र पाटीवर गिरवल्यासारखं एकेक अक्षर जोडत वाचते. तिला कामाचं सांगितलं, म्हणाली, पप्पा, म्हणजे तुम्ही आता डॉक्टरांचे डॉक्टर.

बुधवार, ५ मार्च

चोर सापडला. मेमरी खातो तो चौरस्ताच.

तिथं नुसते फोटो आहेत, हजारो. प्रत्येकाखाली 'पाहणारे' असा रकाना आणि त्यात शून्य. टाकणारे आहेत, बघणारा एकही नाही. न उघडलेला फोटो मशीन मेमरीत धरून बसतं, कुणी येईल म्हणून ताटकळत. त्यात भर अशी की फाइली वाढतायत. काल जेवढी होती त्याहून आज मोठी. रेडिओ असो की सर्व्हर, बंद ठेवलेली वस्तू आपोआप फुगलेली मी जन्मात पाहिली नाही. फुगतं ते फक्त मढं.

रेणुकाला खोदून विचारलं. आधी नक्को काका, नक्को केलं, मग आवाज खाली आणून बोलली. आजाऱ्यावरून भात, लिंबू, अंडं ओवाळून चौरस्त्यावर उतारा ठेवतात ना, जो ओलांडेल त्याला दुखणं लागतं आणि आजारी उठतो. आता शहरात ठेवायचा कुठं? कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे, वर वॉचमन शिव्या देतो. म्हणून लोक दुखण्याचाच फोटो काढतात, अंगावरून ओवाळतात आणि इथं ठेवून जातात. जो उघडेल त्याला ते लागणार. म्हणून कुणी उघडत नाही. मोठ्या अक्षरांत तशी सूचनाच आहे विभागावर.

मी पोट धरून हसलो. लहानपणी उताऱ्यातला नारळ उचलून, धुऊन, फोडून खाणारा मी. त्या दिवसांत खोबरं दुसरं कुठं मिळायचं? ती म्हणाली, काका, नारळ धुता येतो.

शुक्रवार, ७ मार्च

बाहेरून सगळे फोटो पुसले. रीस्टार्ट केल्यावर जागच्या जागी परत. पुन्हा पुसले, पुन्हा परत. उदयच्या सेटिंगा उलटसुलट करून झाल्या. शेवटी अट मोडली आणि एक उघडला.

टाचेचं गळू. भोवती हळदीचा लेप, मधोमध पिवळा डोळा आणि त्यातून बाहेर आलेलं बोटभर दोरीसारखं काहीतरी. पाहून मी तोंडावर रुमाल धरला. पण त्याच क्षणी 'पाहणारे' एक झाले, फाइल रिकामी झाली आणि तिची मेमरी मोकळी. पंख्याचा सूर जरासा उतरला, मी ऐकला.

मग आणखी काही उघडले. किडलेली दाढ, हिरडीला पांढरे किडे. बगलेतलं काळं पडलेलं मांस. पू वाहणारा कान, पाळीला केस चिकटलेले. माणसाच्या अंगातून एवढी घाण निघते आणि तो ती ओवाळून दुसऱ्याच्या दारात ठेवतो! किळस दुखण्याची नाही आली, ठेवणाऱ्यांची आली.

डबा तसाच परत आणला.

सोमवार, १० मार्च

एकेक कोण बघत बसणार? कारागिराचं डोकं चालवलं. सगळे फोटो आपोआप उघडत जातील असा छोटा प्रोग्राम लिहिला. उघडणारा खरा सभासद लागतो, म्हणून माझंच नाव घातलं. सुरू केला आणि खाली जाऊन मिरचीभजी खाल्ली. परत येईतो चौरस्ता साफ, पंखा झोपल्यासारखा शांत, साइट हरणासारखी.

संध्याकाळपर्यंत फोरमवर आभारांचा पूर. कुणाचं नासूर सुकलं, कुणाची दाढ ठणकायची थांबली, कुणाची सासू उठून बसली. ताईंनी बालूशाहीचा पुडा आणवला. कसं केलंत हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रेणुकानं बालूशाही हातात न देता टेबलावर ठेवली.

गुरुवार, १३ मार्च

परवापासून उजव्या कानात खाज. काल ओलं लागायला लागलं. आज उशी पिवळी, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. उंदीर मरतो तसा.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी चिमट्यानं ओढून बोळा काढला. तो ताटलीत ठेवला, सुटा केला. त्यात केस होता, हातभर लांब, पांढरा, मेंदीनं टोकाला लाल झालेला. डॉक्टरांनी घरात कोण म्हातारं आहे विचारलं. म्हटलं कुणी नाही. ते बराच वेळ बेसिनमध्ये हात धूत राहिले.

टाचही ठणकतेय.

रविवार, १६ मार्च

टाचेचं गळू फुटलं. पुवाबरोबर हळद निघाली. मी हळद लावलेली नाही.

बगलेतून कडुलिंबाच्या पाल्याचा चोथा निघतो. दाढेतून लवंगेचा तुकडा. कुणाकुणाचे लेप, कुणाकुणाचे काढे माझ्या अंगातून बाहेर पडतायत. दुखणी त्यांची, औषधंही त्यांचीच, उष्टी. आंघोळ केली की पाण्यावर तवंग येतो. मोरी मीच घासतो, प्रणिताला जाऊ देत नाही. ती दाराबाहेरून विचारते, पप्पा, काय झालंय सांगा तरी. उष्णता म्हणून सांगितलं.

सगळं सोसेन. पण उजवा कान बंद झालाय. डावाही भरत चाललाय. पोट ह्या कानांवर आहे. पोरीची आणखी दोन वर्षं फी ह्या कानांवर आहे.

मंगळवार, १८ मार्च

ताईंना सांगितलं, डावा कान त्यांच्याकडे करून. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कुणाच्या नावानं उघडले? माझ्या, म्हटल्यावर खुर्चीसकट मागे सरकल्या.

सगळं ठाऊक होतं त्यांना. लोकांनीच सुरू केलं, आपण डोळेझाक केली, म्हणाल्या. सभासद त्याच्यामुळंच वाढले. उदयनं थोडेच उघडले होते. त्याला फोन केला की त्याची आई उचलते आणि झोपलाय म्हणते. केव्हाही करा, झोपलेलाच.

उपाय एकच आहे म्हणाल्या. तुम्हीही ठेवा. कुणीतरी उघडेल तेव्हा सुटाल. हे सांगताना नाकाला पदर होता.

मी उठल्यावर रेणुकानं खुर्ची डेटॉलनं पुसली. तिचं तोंड हलत होतं, बहुतेक रडत होती. ऐकू आलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

ठेवला.

फक्त कानाचा. बाकीचं अंग सडलं तर सडू दे, कान पाहिजेत. आरशासमोर फोटो काढला, अंगावरून ओवाळला, टाकला. फोटोत मेंदीच्या केसाचं आणखी एक टोक दिसतं. ओकारी आली. टाकल्यावर जास्त.

मनाला हिशेब सांगितला — लाखो लोक, कुणीतरी लांबचा, न बघितलेला माणूस. त्याचा चेहरा मला दिसणार नाही. सगळे असाच हिशेब करत असतील. ज्यांची मला किळस आली ते सगळे.

पाहणारे शून्य.

रविवार, २३ मार्च

अजून शून्य. ज्याला वाचता येतं तो उघडत नाही.

आज प्रणितानं पाटीवर लिहून दाखवलं — आता ती असंच बोलते — की तुमच्या साइटवर मी मेंबर झाले. तुम्ही काही सांगत नाही, मीच उपाय शोधते. मराठी वाचायला फार वेळ लागतो, म्हणून फोटो बघत जाते. तुमच्यासारखा कान कुठं दिसला की खाली विचारते.

मी ओरडलो. नको म्हणालो, घाण साइट आहे, बंद कर. कारण सांगितलं नाही. कसं सांगू की बापानं —

ती घाबरून खोलीत गेली.

ठेवलेला उतारा ठेवणाऱ्याला उचलता येत नाही, काढण्याचं बटणच नाही. मशीनमधून शिरावं तर ताईंनी माझं लॉगिन बंद केलंय. फोन उचलत नाहीत. उचलला तरी मला ऐकू कुठं —

सोमवार, २४ मार्च

सकाळी सुलतान बाजार. ऑफिसला कुलूप. साडीवाल्यानं नाक धरून हातानंच जा म्हणून सांगितलं.

रिक्षावाल्यानं मध्येच उतरवलं. चालत आलो. पोरीला खरं सांगायचं, सगळं, शिव्या देऊ दे, पण उघडू नको म्हणायचं — कॉलेजातून आली की —

दुपार. बसल्याजागी लिहितोय.

आत्ता कानात काहीतरी सुटलं. बूच निघावं तसं. खांद्यावर काही पडलं नाही. कान कोरडा. वास नाही.

ऐकू येतंय —

भाजीवाला. रेल्वेचा भोंगा. वरच्या मजल्यावरचा नळ. फ्रीजची मोटर, तिचा तो बारीक खरखराट. देवा, सगळं, पूर्वीसारखं, दोन्ही कान —

खोलीचं दार लोटलेलं. आत पंखा फिरतोय. म्हणजे ती घरीच आहे. कॉलेजला गेलीच नाही. कधीपासून —

खाजवण्याचा आवाज. नखांचा. थांबतो, पुन्हा —

ओलसर आवाज आहे तो —

प्रणिता हाक मारतेय. पप्पा, म्हणते, माझ्या कानात केसासारखं काहीतरी —