पोस्टमनच्या अंगावरचं अत्तर

प्रिय मावशी,

डोकं उठलंय नुसतं. मी अत्तराच्या दुकानात काचा पुसतो हे तुला आईनं सांगितलंच असेल. तिथल्या मालकीणबाईंना कुठूनसं कळलं की मला चित्रं काढता येतात. कुठूनसं म्हणजे, मीच बोललो. लगेच हुकूम सुटला: तुझ्या आवडत्या अत्तराचा मूड काढ, दर्शनी काचेमागे लावू. शनिवारपर्यंत जमलं तर फडकं ठेव खाली, दुकानाचा चित्रकार म्हणून कायम राहा. आता मूडला काय नाक-डोळे असतात? पण बेकरी सोडली, थिएटर सोडलं, ही नोकरी मला टिकवायचीय. हसू नकोस.

मला अत्तर ठाऊक ते एकच. काका बोटीवरून दर खेपेला आणायचे ती हिरवी बाटली. आणि तू बाईसाहेब ती इस्त्रीच्या पाण्यात ओतायचीस! "मला मेलीला कोण हुंगणार? गिऱ्हाईक तरी खूश होईल." म्हणून मी तेच काढलं. सकाळची गल्ली, तुझ्या इस्त्रीच्या दुकानाचं शटर अर्धं वर, आतून वाफ आणि वाफेतून बाहेर पडणारी माणसं. पोस्टमन, शाळेच्या हेडबाई, एकमेकांचं तोंड न बघणारे वरचे दोघे भाडेकरू. सगळ्यांच्या कडक कपड्यांवर एकच उजेड, लिंबाची साल उन्हात धरल्यावर दिसतो तसा. तो रंग जमवताना जीव गेला. रंगवाल्यानं पिवळा म्हणून जे काही दिलं ना... जाऊ दे, त्याचं वेगळंच पुराण आहे. कडेला इस्त्रीवर तुझा हात.

मालकीणबाई म्हणाल्या, "अरे शहाण्या, ही लाँड्रीची जाहिरात झाली! अत्तर लावलेली बाई कुठाय?" म्हटलं, तिनं कधी लावलंच नाही. तर म्हणतात, "मग माझ्याकडून घेणार कोण, पोस्टमन?"

तेव्हापासून बाई काढतोय नि खोडतोय. दर वेळी कॉलरवरचा डाग बघतानाचा तुझाच चेहरा उतरतो, भुवया चढवलेला. हे काय गिऱ्हाईक ओढणार! अत्तर लावलेली तू मला कधी दिसलीच नाहीस, मावशी. काढू कुठून? वैताग आलाय मला तुझा.

आणि मला एकट्यालाच नाही. काका सुट्टीवर असले की सकाळी दारात उभे राहायचे, आठवतं? तुला वाटायचं, पेपरची वाट बघतायत. मी पायरीवर बसलेला असायचो, मला दिसायचं. पोस्टमन तुझ्या इस्त्रीचे कपडे घालून बाजूनं गेला की ते मान वळवून हळूच श्वास ओढायचे. स्वतः आणलेलं अत्तर पोस्टमनच्या पाठीवर हुंगायचे बिचारे, आणि तुला एका शब्दानं बोलायचे नाहीत.

आई म्हणाली, त्यांची ही शेवटची खेप, आता कायमचे घरी. म्हणून या पत्राबरोबर बाटली पाठवतोय, तीच, हिरवी. पाण्यात ओतलीस तर मी तिथे येऊन शटर ओढीन. ते यायच्या दिवशी कानामागे लाव, आणि त्यांनी तुझ्याकडे पाहिलं की तुझा चेहरा कसा होतो ते आरशात बघून मला कळव. शनिवार गेला तरी चालेल. मालकीणबाईंना मी थोपवतो.

तुझाच, वैतागलेला,
भोवरा