मार्कीजचा चेहरा, पेरिनचे हात

मी, क्लोतिल्द रूव्हेर, वय बासष्ट, राहणार दिजाँ, शुद्धीत आणि स्वखुशीने, कुणीही न सांगता, माझ्या मागे काय व्हावे ते माझ्या हाताने लिहीत आहे.

दोरखंडवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि तांब्याची भांडी भाची आदेलला. पुस्तके तिच्या नवऱ्याला देऊ नयेत. तो त्यांवर सुरई ठेवतो. थडग्यापाशी कुणी भाषण करू नये. आयुष्यभर मी ते काम केले, वाईट भाषण मला मेल्यावरही सोसणार नाही.

आता मार्कीज द ब्रोसे या सरदारीणबाईंचे तैलचित्र.

क्रांतीत सरदारांची चित्रे चौकात आणून जाळा, असे मीच गरजले होते. त्या भाषणाचा मला आजही पश्चात्ताप नाही. हे चित्र आगीपाशी आले तेव्हा माझी आई पेरिन, मार्कीजची दासी, गर्दीतून पुढे आली.

"जाळायचंच तर डोकं जाळ, क्लो. बाकीची मी आहे."

चित्रकाराने बाईसाहेबांना बसवले ते फक्त चेहऱ्यापुरते. पुढे रेशमी झगा घालून आठवडेच्या आठवडे आई बसली. खांदे तिचे, हात तिचे. उजव्या मनगटावर केस कुरळे करायच्या तापल्या चिमट्याचा डाग आहे, तोही त्या भल्या माणसाने रंगवला. लोक हसले, कुणीतरी चित्रातली मान कापून द्यायची तयारी दाखवली. आई म्हणाली, केसही मीच विंचरलेत, त्यांना हात लावू नका. चित्र आमच्या घरी आले.

क्रांती ओसरून राजा परतला तसा परदेशी पळालेला मार्कीजचा नातूही परतला. गेल्या महिन्यात चित्र मागायला आला. वागायला गोड आहे. म्हणाला, "बाई, मनगटावरचा तो डाग आमचा माणूस पुसून देईल. आजीचा हात असा नव्हता."

मी म्हटले, "नव्हताच."

तरी चित्र मी त्यालाच देते, फुकट. अट अशी: डाग पुसायचा नाही, आणि चौकटीवर दोन्ही नावे राहतील. पाटी मी आजच ठोकून घेतली आहे. अट मोडल्यास चित्र शहराच्या चित्रशाळेचे.

आदेल विचारते, मग शत्रूच्या घरी का? कारण त्या दिवाणखान्यात माझ्या आईने वीस वर्षे उभी राहून काढली. आता तिथे ती बसलेली दिसू दे.

स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला ऐकणारे हवेत. म्हणून खालच्या दोघांना सगळे मोठ्याने वाचून दाखवले.

साक्षीदार: ओनोरे बुव्हियाँ, पाट्या रंगवणारा
गास्पार मिलो, दोरखंडवाला

सही: क्लोतिल्द रूव्हेर
दिजाँ, ९ मार्च १८२६