बिनचौकटीच्या न्हाणीविषयी व्याह्यांस

सिंदी मेघे, वर्धा
कोजागिरीनंतरचा सोमवार, १९८८

माननीय व्याही लक्ष्मणरावजी यांस नत्थूजीचा रामराम.

आम्ही इकडे ठीक आहोत. आपण, विहीणबाई आणि आपलं नागपूरचं दुमजली घर, तिघंही खुशाल असाल. आपल्या गुडघ्याला उतार पडला का? आमच्या आनंदाबाईने निर्गुडीचा पाला वाळवून ठेवला आहे. (या पत्रासोबत तो पाठवीत नाही. पाकीट फुगलं की पोस्टातले लोक संशय घेतात, आणि संशयी माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे.)

आपली नलू आणि आमचा प्रभाकर मस्कतहून दोन वर्षांनी दिवाळीला येत आहेत, हे आपल्याला माहीत आहेच. बहुधा माझ्याआधी कळलं असेल. प्रभाकर लिहितो, तिकडे दोघांनाही काचेच्या न्हाणीत फवाऱ्याखाली उभ्याने आंघोळ करायची सवय लागली आहे. काचेला चौकट नाही, नुसती बिजागऱ्यांवर उभी. "नलूच्या माहेरी तशी आहे, तेव्हा उतरायचं कुठे ते बघू." आता लक्ष्मणरावजी, हा 'बघू' माझ्या घशाखाली उतरत नाही. आपण ती न्हाणी गेल्याच हिवाळ्यात बांधली. असल्या गुडघ्याने माणूस बसून आंघोळ करतो, फवाऱ्याखाली नाचत नाही. मग ती कोणासाठी बांधली? मी काही म्हणत नाही. मी फक्त ठरवलं की आम्हीही एक बांधायची.

बिनचौकटीच्या दाराची मला पहिल्यापासून शंका. आमच्या लहानपणी गुरुजी कविता चालीवर म्हणून घेत. चरण संपला की यमक कसं दाराच्या कडीसारखं खट्ट बसायचं! पुढे प्रभाकरच्या पुस्तकांत यमक नसलेल्या कविता आल्या, तेव्हाच मी म्हटलं होतं की हे लोक एक दिवस दारांच्या चौकटीही काढतील. (अजूनही बंब पेटवताना चौथीतली नदीची कविता ओठांवर येते, एकेक कडवं लांबत जातं आणि पाणी उकळून आटतं. आनंदाबाई मग बाहेरून बादली वाजवते.)

असो. आम्ही दोघं नागपूरला काचेच्या दुकानात गेलो. (आपल्याकडे आलो नाही, कारण आपण 'सहज आलात का' असं विचारलं असतं.) शेठने गादीवर बिजागऱ्या मांडल्या: भिंतीला धरणाऱ्या, काचेला काच जोडणाऱ्या, रुपेरी, सोनेरी. सोनेरी ती अस्सल पितळेची, म्हणाला. आनंदाबाईने पिशवीतून भिजवलेल्या चिंचेचा गोळा काढला आणि घरचा पितळी गडवा घासावा तशी ती बिजागरी दुकानातच घासली. मुलामा उतरला, खाली लोखंड! शेठ म्हणाला, "बाई, हे न्हाणीचं सामान हाय, देवाचे भांडे नोहे." पण त्याचं तोंड उतरलं होतं.

इथे माझी खात्री पटली की हा माणूस बोलेल ते उलटं धरायचं. तो म्हणाला, "काकाजी, पयले बिजागरी पक्की करा. तिच्या मापानं भोकं पाडूनच काच भट्टीत जाते. मंग तिले भोक पाडता येत नाई." वा! म्हणजे याच्याच बिजागऱ्या गळ्यात मारायची सोय. भोक पडत नाही अशी वस्तू देवाने केलेली नाही. मी सांगितलं, काच कोरी पाठव. बिजागऱ्यांचं मी पाहतो. त्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा माझा संशय वाढला.

काच मुंबईहून आली. बिजागऱ्या मी वर्ध्यात चिंच लावून निवडल्या, वजनदार, खऱ्या पितळेच्या. चिंधू सुताराला भोकं पाडायला बोलावलं. त्याने काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "नत्थूजी, हे लय कडक हाय. राहू द्या न." मी म्हटलं, तू गिरमिट लाव आणि दाब. त्याने दाबलं. मी म्हटलं, अजून दाब.

लक्ष्मणरावजी, आवाज असा झाला की शेजारच्या शकुंतलाबाई पोळपाट घेऊनच धावत आल्या. काच फुटली नाही. काच नाहीशीच झाली. अंगणभर नुसते दाणे! पण खरं सांगतो, क्षणभर फार सुंदर दिसलं. भर दुपारी कोणी पोत्यातून चांदणं ओतावं तसं. चिंधू म्हणाला, "तुमीच मनलं दाब म्हून," आणि हत्यारांसकट निघून गेला. आनंदाबाईने माझ्या हातात झाडू दिला: "घ्या, आता याच्यावर कविता करा."

काच मुळातच सदोष होती, हे उघड आहे. शेठने सूड उगवला. बाकी सर्व क्षेम. विहीणबाईंना आनंदाबाईचा नमस्कार.

आपला,
नत्थूजी

ता. क. – मुलं वसुबारसेला पोचतात. तोवर मुंबईहून दुसरी काच येणं शक्य नाही. तरी आपल्या न्हाणीतली काच उतरवून पाठवावी, ही विनंती. नागपूरहून हैदराबादकडे जाणारे ट्रक जाम गावच्या फाट्यावर थांबतात. तिथे मी टेम्पोत गवत घालून उभा राहतो. माप अगदी जुळतं. (अक्षय्य तृतीयेला मी आपल्या न्हाणीत फार वेळ होतो आणि विहीणबाईंनी बाहेरून ओवा हवा का विचारलं. पोट ठीक होतं. मी टेप लावत होतो.)

दुसरा ता. क. – बिजागऱ्याही सोबतच द्याव्यात. भोकं त्यांच्याच मापाची असणार.

तिसरा ता. क. – पत्र आनंदाबाईने वाचलं. म्हणते, "व्याह्याच्या न्हाणीचं दार काढून नेता, त्यायनं काऊन द्याव? त्यायलेच बलवा न इकडे." तेव्हा आपण आणि विहीणबाई काचेसोबतच यावं, दिवाळी सगळ्यांची इथेच होईल, म्हणजे मुलं कोणाकडे उतरली हे कोणालाच म्हणता येणार नाही. आमंत्रण पक्कं समजावं. मला मात्र राहून राहून शंका येते, की हे आपल्याच मनात आधीपासून होतं.