त्या नटाचा डावा पाय

११ जुलै
सुमे, आधी चष्मा शोध. माझी लेक असलीस तरी खरं ते खरं, डोकं जतला राहिलं तरी तुला सांगलीत उतरल्यावर कळायचं. रोज फोनवर "सागर कसा हाय" विचारतेस नि उत्तर विसरतेस. म्हणून आजपासून वहीत घालते. मी बोलते, तुझी वहिनी मंगल लिहिते. भरली की तुझ्याकडे, तोवर माझी.
आजचं: मंगलचा सागर उठला नाही. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने. डॉक्टर म्हणाला चालेल-फिरेल, पण तायक्वांदो संपलं. लाथांचाच खेळ तो. पोरगं बावीस वर्षांचं. भिंतीकडं तोंड. अर्धी भाकरी.

१३ जुलै
मोबाइलवर मारामारीचे सिनेमे बघत पडतो. मी खाटेवर जाऊन बसले.
"सरक रं, मलाबी दाव."
सरकला. एवढंच.
नट तरणाताठा. कौलावरून कौलावर उड्या. दोन्ही पायांनी सारख्या लाथा, डावी कुठली नि उजवी कुठली कळू नये. मी म्हटलं, "ह्याच्या आईनं ह्याला काय चारलं असंल रं?" पोरगं हसलं नाही.

१४ जुलै
त्याच नटाचा दुसरा सिनेमा. आता म्हातारा झालेला. खाली अक्षरं येतात, ती मला काय कामाची? मी पाय बघितले. चाळीस वर्षं मेंढरांमागं चालले, लंगडं जनावर मला लांबून कळतं. हा डावा पाय जपून टेकतो, वळताना आधी कंबर फिरवतो. पहिल्या सिनेमात असं नव्हतं. तरी लाथा डाव्यानंच! मला वाटलं, सापडलं.
"सागऱ्या, ह्याचाबी गुडघा गेलाय बघ. तरी हाणतोय का न्हाई?"
त्यानं सिनेमा थांबवला. बोट ठेवलं.
"आजी, लाथ मारताना त्याचं तोंड दिसतंय का? पाठमोरा हाय. ती लाथ दुसऱ्याच माणसाची."
दोन महिन्यांत एवढं पहिल्यांदा बोलला. मीच बोलायला लावलं, आणि निघालं ते हे.

१५ जुलै
जेवला नाही. दुपारी आपणहून विचारलं, "लंगड्या मेंढराचं तुमी काय करायचा?"
तोंडातून निघून गेलं, "पुढच्या बाजारी खाटकाला."
हसला. असलं हसू नको होतं मला.
मंगल, हेही लिही. पेन का ठेवलंस? ... लिहिलंस? बरं.

१६ जुलै
सकाळी त्याला सांगितलं, एक लंगडी मेंढी आम्ही ठेवली होती, तीन कोकरं दिली तिनं. खोटं. एकही ठेवली नव्हती. पावसाळा सरला की चाऱ्यामागं मुलखभर चालायचं, न चालणारं जनावर कोण नेणार?
"नाव काय तिचं?"
आमच्यात जितक्या मेंढ्या तितकी नावं. लहानपणी त्याला सगळी पाठ. मला एक सुचलं नाही.
"जा आजी आता."

१८ जुलै
काल लिहिण्याजोगं काही नाही. आज चहासुद्धा नाही.
आता नटाचा म्हातारपणीचाच सिनेमा लावतो, त्यातला एकच तुकडा. म्हातारा पायरीवर बसतो. मारामारी नाही. बसताना दोन्ही हात टेकतो, तोंड वाकडं होतं. पुन्हा मागं घेतो, पुन्हा तेच.
"हे तरी त्याचंच हाय," म्हणाला. मला की स्वतःला, कळलं नाही.
कुठला चांगला म्हणू? पहिल्यात सगळं आहे, दुसऱ्यात सगळं गेलेलं. मधली वर्षं त्या बाबानं कशी काढली, ते कुठल्याच सिनेमात नाही. आमच्या पोराला तीच तर काढायचीत.
उठ म्हणायचा धीर मला नाही. मंगलला तर त्याहून नाही. खाटेच्या कडेला बसते. आज जा म्हणाला नाही.
मंगल, एवढं तिला आजच फोनवर वाचून दाखव. सुमे, भडंग पाठव. लसूण सढळ, शेंगदाणे भाजके. गोडधोड नको, ते बघितलं की तोंड फिरवतो. मी आम्हा दोघांच्या मधे एकच ताटली ठेवणार आहे. उद्याच्या एस्टीनं पाठव.