कानातला हिन्याचा फाया

चांदा,
१७ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप नथ्थूभाऊंस,
अन्नपूर्णाचा शि. सा. न. वि. वि.

आपण अहेरीच्या लाकूड डेपोत असताना चामोर्शीला घरी काय झाले, ते आपण विचारलेत. झाले तेवढेच लिहिते.

१. मी दवाखान्यातून रजेवर घरी पोहोचले तेव्हा आपल्या गुणाचा उजवा कान ठणकत होता. वहिनींनी लसूण तळलेले तेल कानात सोडले होते. त्याआधी बाळंतिणीचे दूध घातले होते. मुलीच्या कानाला मुलाच्याच आईचे दूध लागते, म्हणून मुलगी झालेली शेजारची बाळंतीण सोडून ते दुसऱ्या आळीतून आणले होते.

२. दुसऱ्या सकाळी ठणका एकदम थांबला आणि उशी ओली दिसली. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. मी सांगितले की कानाचा पडदा फुटला, म्हणून ठणका थांबला.

३. कान वाहू लागला, वास येऊ लागला. शिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत रामाजी पाटील आपल्या मुलासाठी गुणाला पाहणार आहेत. वास लपावा म्हणून वहिनींनी खैरुनबीच्या दुकानातून हिन्याचे अत्तर आणले, आणि त्यात भिजवलेला कापसाचा फाया पाळीच्या घडीत न ठेवता कानात आत दाबून बसवला.

४. मी फाया काढला. त्यांनी दुसरा घातला. मी तोही काढला. त्यावर त्या म्हणाल्या, की ज्या बाईला स्वतःचे लग्न जमवता आले नाही, तिने दुसऱ्याचे मोडू नये.

५. मी पहिल्या मोटारीने परत आले.

मी घरच्या औषधांच्या विरुद्ध नाही. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून कानाला बाहेरून शेकली तर ठणका हलका होतो. मी स्वतः तेच सांगते. पण वाहत्या कानात तेल, दूध, रस काही जाता कामा नये. जे बाहेर येते ते येऊ द्यावे, स्वच्छ कापडाने टिपावे, कान दवाखान्यात दाखवावा. वाट बुजवली तर ते आत शिरते. माझे वहिनी ऐकणार नाहीत. आपले ऐकतील, म्हणून हे पत्र.

प्रकृतीला जपावे. आपली माया आहे, ती राहो.

आपली धाकटी बहीण,
अन्नपूर्णा


चामोर्शी,
३ मार्च १९५७

चि. अन्नाबाईस भागीरथावहिनीचा आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या भावाचं पत्र आलं. मले लिवते का फाया काढ. थे तिकडं जंगलात लाकडं मोजून राह्यले, पावन्यायचं इथी मीच पाहून राह्यली. मंग काढू काऊन? तुमच्या पुस्तकातलं तुमच्यापाशी राहू द्या बाई. मी फाया घालतच राह्यली, अन् कान वाहनं बंद पडलं. एक थेंब नाई आता. घ्या, नर्सबाई!

यात्रेत रामाजी पाटील पोरगी पाहून गेले. पाटलीनबाईनं त्या गलक्यात मांगून, उजव्या अंगानं दोनदा हाक मारली, आपली गुणा वळली नाई. पन थे बाईच हासली, म्हने पोरगी लाजाळू आहे, आमाले अशीच पाह्यजे. अकरा तारखेच्या सोमवारी साखरपुड्याले येतेत.

कानामांगं उलीशी सूज आहे. कान पुढं आल्यावानी दिसते, पदर घेतला का दिसत नाई. हळद-चुना लावून राह्यली. अंगात कनकन आहे, यात्रेची दगदग झाली असंल.

तुमाले राग आला हे मले समजते. पन एक आयका. माझी मोठी बहीन कानापायी तीनदा नापसंत झाली. अजून बापाच्या घरी शेन काढून राह्यली. भावजयीचं बोलनं तिले आयकू येत नाई हेच बरं. मले माझ्या पोरीचं तसं नाई होऊ द्याचं. तुमी शिकल्या, तुमाले कोनी इचारत नाई. आमच्या पोरीयले सारे इचारतेत.

मार्कंड्याले तुमच्यासाठी पन नवस बोलली. एखादा डागदर तरी पाहा आता.

राग धरू नका, पोरीवर जीव असू द्या.

तुमची वहिनी,
भागीरथा


चांदा,
५ मार्च १९५७, मंगळवार

तीर्थस्वरूप वहिनींस,
अन्नपूर्णाचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र आत्ता वाचले. कान बंद पडला आहे, बरा झालेला नाही. फाया आत बसल्यामुळे पू बाहेर येईना, तो कानामागच्या हाडात शिरला असावा. सूज, पुढे आलेला कान आणि ताप हे तिन्ही एकत्र दिसले तर आमच्याकडे कोणी वाट पाहत नाही. त्या हाडाच्या पलीकडे मेंदू आहे. गुणा लाजली नाही, वहिनी. तिला हाक ऐकू आली नाही.

हळद-चुना धुऊन टाका. कानात काही घालू नका. फाया वर दिसत असेल तर अलगद काढा. खोल गेला असेल तर हात लावू नका. इथे पेनिसिलिनची इंजेक्शने आहेत. हाड उघडावे लागले तर नागपूरला मी घेऊन जाईन आणि ती उठेपर्यंत तिच्याजवळ राहीन. तिचे ऐकणे परत येईल असे मी लिहीत नाही. जीव वाचेल असे लिहिते, तेही ती लगेच आली तर.

आपल्या बहिणीचे आपण कधी बोलला नव्हता. ठाऊक असते तर मी वेगळ्या शब्दांत बोलले असते. फाया मात्र काढलाच असता.

साखरपुड्याचे असे करा. रामाजी पाटलांकडे निरोप द्या की नणंद चांद्याला तापाने पडली आहे, जवळ कोणी नाही, म्हणून गुणाला तिच्या सेवेला पाठवले. आत्याची सेवा करायला गेलेल्या मुलीला कोणी नाव ठेवत नाही. मी त्यांना तसेच कार्ड आज टाकले आहे. मी कधी रजेसाठीसुद्धा खोटे आजारपण सांगितलेले नाही. आजपासून मला ताप आहे. कोणी विचारले तर आपणही तेच सांगा. पुढे त्यांना खरे कधी सांगायचे ते आपण दोघी मिळून ठरवू. आज ते ठरवायला वेळ नाही.

मीच आले असते, पण बाळंतिणींच्या वॉर्डात दोघी अडल्या आहेत आणि दुसरी नर्स नाही. भाऊंना अहेरीला तार केली आहे. त्यांची वाट पाहत थांबू नका.

पत्र मोटारीचे ड्रायव्हर लियाकतभाई यांच्या हाती पाठवते. उद्या चांद्याला परतताना ते आपल्या दारी येतील. गाडीत दोन जागा त्यांनी धरून ठेवल्या आहेत.

माझ्यावरचा राग गुणा बरी होईपर्यंत बाजूला ठेवावा.

आपण दोघी निघता की नाही, ते उद्या बुधवारी संध्याकाळपर्यंत लियाकतभाईंच्या हाती कळवावे.

आपली,
अन्नपूर्णा