ओळीतली जागा

प्रिय अक्का,

मोठ्या अक्षरांत लिहिते आहे. तुला अक्षरं मीच शिकवली, तेव्हा एकेक लावत वाच. मधे बाळ रडलं तर कुठवर आलीस तिथे खूण करून उठ, पण घाईने उठू नकोस. पोट फाडून बाळ काढलं त्याला परवा तीन महिने झाले. टाके ओढतात का गं? अम्मा रोज विचारते आणि उत्तर न ऐकताच दुसरं काही बोलायला लागते.

संक्रांतीला तांदळाच्या पिठाचे सकिनालु तळले होते, दगडासारखे झाले. अम्मा म्हणाली, "शिकलेलीच्या हातचे आहेत, चावायलाही परीक्षा द्यावी लागेल." हसली, पण खाटेवर कुशीवर पडूनच. ती अशी पडून आहे ती माझ्यामुळे. हे तुला कुणी सांगितलं नसणार.

शेतकी कॉलेजच्या लोकांनी मला महिनाभर कामाला ठेवलं होतं. भाताच्या लावणीत बायका किती वेळ वाकतात, किती वेळा कंबर सरळ करतात, ते बांधावरून घड्याळ लावून लिहायचं. आपल्याच टोळीची पाळी आली. तुला ठाऊकच आहे, ओळ मागे मागे सरकते आणि बांध लागेपर्यंत कुणी उभं राहत नाही. राहिली की सगळ्या ओरडतात, "बगळी उभी राहिली गं, मासा दिसला काय?" अम्माला मात्र कुणी ओरडत नव्हतं. मला वाटलं, वयाचा मान. मग मोजलं. तासाभरात बाकीच्या पाच-सहा वेळा उभ्या राहिल्या, अम्मा बत्तीस वेळा. ती कंबरेवर हात देऊन उभी असली, की एकीकडून राजव्वा आणि दुसरीकडून ऐलव्वा हात लांबवून तिच्या वाट्याची रोपं खोचत होत्या, तिच्याकडे न बघता. मी तेही लिहिलं. दिसेल ते सगळं लिहा, असं सांगितलं होतं ना.

नोंद वाचून दाखवावी आणि मगच अंगठा घ्यावा, असाही नियम होता. बाकीच्या मुली न वाचताच अंगठे घ्यायच्या. मला ते पटेना. जेवणाच्या वेळी बांधावर सगळ्यांसमोर मी वाचलं, नावं घेऊन, आकड्यांसकट. अक्का, अम्माने हातातला घास परत डब्यात ठेवला. राजव्वा म्हणाली, "पोरी, आम्हाला काय मोजता येत नव्हतं?" तोवर ओळीच्या त्या टोकाच्या सुना कुजबुजायला लागल्या होत्या, की म्हणजे इतके दिवस हिचं आम्ही ओढतोय.

संध्याकाळी ऐलव्वा दारात आली. टोळी तीच चालवते, पण त्या दिवशी आत येऊन बसली नाही. म्हणाली, "मल्लव्वा, मला नि राजव्वालाच माहीत होतं तोवर चालत होतं. आता सगळ्यांना ऐकवलंय तुझ्या लेकीनं. जागा तुमच्या घराची आहे, सोमवारपर्यंत दुसऱ्या कुणाला देत नाही." अम्मा म्हणाली, "बरं." त्यानंतर ती आडवी झाली ती झालीच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वाकायचं कायमचं बंद केलं आहे.

टोळीत जागा नाही, तर ना लावणी, ना निंदणी, ना कापणी. म्हणून त्या जागी मी गेले. पहिल्या दिवशी बायकांनी खूप हसून घेतलं, "ताई, घड्याळ कुठाय?" दुसऱ्या दिवशी हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खाली बघितलं तर ऐलव्वाचा हात माझ्या पायापुढे रोपं खोचत होता. चौथ्या दिवशी मी गेले नाही. इतकी वर्षं शाळेच्या बाकावर बसलेली ही पाठ, ती काही वाकेना.

हे तुला कळवायचं नाही, म्हणून अम्माने मला शपथ घातली होती. ती मोडते आहे. फोन केला असता तर तू विचार न करता "येते" म्हणाली असतीस. नाही म्हणायला तुला वेळ मिळावा, म्हणून हे पत्र. सोमवारी येऊन ओळीत उभी राहशील का? वाकलं की पोटावर काय ताण येतो, ते आता मला कोष्टकासकट ठाऊक आहे, आणि तरी विचारते आहे. कनकय्यामामा हे पत्र घेऊन येईल आणि रविवारी परतेल. जमणार नसेल तर काही लिहू नकोस. तो एकटाच बसमधून उतरला, तर मी समजेन आणि देवाशपथ मला बरंच वाटेल. पण रविवारी मी थांब्यावर उभी असेन, अक्का, आणि त्याच्यामागून तू उतरावीस असंच मनात म्हणत असेन.

तुझीच,
श्रवंती